जुन्या हायवेने पुण्याला: सोबत आजी-आजोबा, दोन मुलं आणि हातात दोन दिवस

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं की ऐरोलीहून पुण्याला बहिणीकडे जायचंय, अर्टिगामध्ये सहाजण, सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे, मुलगा बारा वर्षांचा आणि मुलगी सातची, दरवेळी एक्सप्रेसवेने सरळ जाता पण दिवाळीनंतर दोन दिवस मोकळे आहेत तर जुन्या हायवेने रमतगमत जावं का, आणि मिस्टरांचं म्हणणं की त्या रस्त्यावर आता ट्रक आणि वडापाव सोडून बघण्यासारखं राहिलंय काय. मी घणसोलीचा, टुरिस्ट गाड्यांचा धंदा आहे, अर्धं आयुष्य याच रस्त्यावर फॅमिल्या घेऊन गेलंय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, सावकाश वाचा.

जा, नक्की जा. फक्त "वाटेत काय काय लागतं ते सगळं बघू" असं डोक्यात ठेवून निघू नका, दुपारपर्यंत सगळे वैतागतात आणि मुलं मोबाईल काढून बसतात. या रस्त्याची मेख एकच आहे, ती म्हणजे बोरघाट. खालून वर चढायला ही वाट होती म्हणून दोन हजार वर्षांपूर्वी लेणी कोरली गेली, पेशवाईत पायथ्याला तळं बांधलं गेलं, इंग्रजांनी रस्ता काढला, मग रेल्वे आली, मग वीज तयार झाली, आणि इथेच वर चढून आलेली इंग्रजांची फौज अडकून शरण पण आली. रस्त्यावरची प्रत्येक विचित्र वाटणारी गोष्ट घाटामुळे तिथे आहे. म्हणून मी मुलं सोबत असली की प्रत्येक थांब्याला एकच प्रश्न विचारतो, "हे इथेच का?" उत्तर शोधायला लावायचं, आपण लगेच सांगायचं नाही. बारा वर्षांचा मुलगा तिसऱ्या थांब्याला स्वतःहून सांगायला लागेल बघा, आणि आजोबा त्यात भर घालतील.

आता रस्ता. जुना मुंबई-पुणे रस्ता मुळात तुमच्याच बाजूने जायचा. वाशीचा खाडीपूल १९७३ साली सुरू झाला, त्याआधी मुंबईची पुण्याला जाणारी गाडी ठाणे, मुंब्रा, शीळ फाटा करत पनवेलला यायची. तुमच्या सासऱ्यांना आठवत असेल, विचारा त्यांना, सकाळी गाडीतली पहिली गोष्ट तीच होऊ दे. पण आज स्वतः त्या वाटेने जाऊ नका, शीळ फाटा-तळोजाला कंटेनरच्या मागे तास जातो आणि बघायला काही नाही. ठाणे-बेलापूर रोडने तुर्भ्याला या, सायन-पनवेल पकडा, खारघर, कळंबोली, आणि कळंबोलीला डोळे उघडे ठेवा कारण तिथे सगळा ट्रॅफिक एक्सप्रेसवेकडे ओढला जातो. मॅपवर "पुणे" टाकलं की तो तुम्हाला एक्सप्रेसवेवरच चढवणार. माझा साधा उपाय म्हणजे मॅपला पुणे सांगायचंच नाही, एकावेळी एकच थांबा टाकायचा, आधी पळस्पे फाटा, तिथे पोचल्यावर चौक, मग खोपोली. पूर्ण रस्ता तुमच्या दारापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडेल. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, जुन्या रस्त्यालाही शेडुंग, वरसोली, सोमाटणे असे टोलनाके आहेत, लोकांना वाटतं जुना हायवे म्हणजे फुकट.

निघायचं सहाला. साडेसहा झाले तरी चालेल, सात नको. आणि शनिवार नको, शुक्रवारी निघा किंवा मधल्या वारी, कारण शनिवारी सकाळी अर्धी मुंबई लोणावळ्याला निघालेली असते आणि घाटात तुमचा सगळा मूड तिथेच संपतो.

पळस्पे फाट्याला नाश्ता. दत्त स्नॅक्स माहीतच असेल, गोव्याला जाणारे-येणारे सगळे तिथे थांबतात, मिसळ, बटाटेवडा, कोथिंबीर वडी, पण गर्दी दिसली तर शेजारी कुठेही बसा, फरक पडत नाही. मुलांना पोटभर तेलकट देऊ नका, पुढे घाट आहे. इथूनच गोवा हायवे फुटतो आणि त्यावर थोडं पुढे गेलं की शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. १८४५ चा जन्म, इंग्रजांविरुद्ध सशस्त्र बंड उभारलं, पकडून एडनला नेलं आणि १८८३ ला तिथेच गेले. त्यांचा वाडा आहे तिथे. मुलाने हे नाव ऐकलंय का ते विचारा, त्याला जायचं असेल तरच वळा. तो म्हणाला नको तर सरळ पुढे, जबरदस्तीने दाखवलेली जागा कोणाच्या लक्षात राहत नाही.

पळस्पे ते चौक हा पट्टा बघायला साधा आहे, ढाबे, गोदामं, दांड फाटा, शेतं. चौकच्या आसपास मात्र गाडी हळू करा. डाव्या हाताला डोंगररांग दिसते, माथेरानच्या बाजूची, त्यात एक सुळका वेगळा उठून दिसतो, तो इर्शाळगड, त्याला वर आरपार भोक आहे, नेढं म्हणतात. मुलांना शोधायला सांगा. याच डोंगराच्या कुशीत इर्शाळवाडी होती, १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून गाडली गेली. मी तिथे गाडी बाजूला घेतो, दोन मिनिटं सगळे गप्प उभे राहतात, मोठ्या मुलाला काय झालं ते सांगतो. फोटो काढायची जागा नाही ती. डोंगर नुसता सुंदर नसतो, त्याच्या खाली माणसं राहतात हे मुलांनी लहानपणीच बघावं असं मला मनापासून वाटतं.

आणि इथेच चौकच्या बाजूला मोरबे धरण आहे. तुमच्या ऐरोलीच्या नळाला येणारं पाणी तिथलं. नवी मुंबई महापालिकेने ते विकत घेतलं, स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या महापालिका आपल्याकडे फार थोड्या आहेत. आत सोडत नाहीत, त्यामुळे जायची गरज नाही, नुसतं बोट दाखवून सांगा की आज सकाळी तू जे पाणी पिऊन निघालीस ते त्या तिकडून आलं. सात वर्षांच्या मुलीला याची फार गंमत वाटते, पुढे कुठलंही पाणी दिसलं की ती विचारत राहते हे कुणाचं पाणी, आणि पुढच्या खोपोलीच्या गोष्टीला त्याचा उपयोग होतो.

खोपोलीच्या अलीकडे महड फाटा लागतो, वरदविनायक, अष्टविनायकातला. सासू-सासरे आहेत म्हणजे थांबणारच. मंदिर १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं. गाडी जवळ जाते, चढ नाही, तळ्याकाठी बसायला जागा आहे, त्यामुळे वयस्कर माणसांना घाटाच्या आधी पाय मोकळे करायला यापेक्षा चांगली जागा नाही. चतुर्थी बघून घ्या, त्या दिवशी येऊ नका, दर्शनाला तास-दोन तास रांग.

आता खोपोली. बहुतेक लोक इथे वडापाव घेऊन सरळ घाट चढतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं, कारण या रस्त्याची सगळ्यात सुंदर गोष्ट इथे आहे. खोपोली म्हणजे घाटाचा पायथा. बैलगाडीच्या, घोड्याच्या काळात घाट चढायच्या आधी एक मुक्काम हवाच, माणसाला पाणी हवं, जनावराला हवं. म्हणून नाना फडणवीसांनी इथे महादेवाचं देऊळ आणि मोठं दगडी तळं बांधलं, वीरेश्वराचं देऊळ. मुलांना तळ्याच्या काठावर उभं करा आणि विचारा, हे इथेच का? पुण्याच्या कारभाऱ्याने इतक्या लांब खाली येऊन तळं का बांधावं? मग मान वर करून समोरचा डोंगर बघायला सांगा. उत्तर समोरच उभं असतं.

त्याच डोंगरावरून खाली येणारे जाडजूड पाइप दिसतील. ते टाटांच्या वीज केंद्राचे. गोष्ट अशी की लोणावळ्याच्या बाजूला प्रचंड पाऊस पडतो, तो वर धरणांमध्ये अडवायचा, वळवण, लोणावळा, शिरवटा अशी धरणं, आणि ते पाणी पाइपातून डोंगराच्या कड्यावरून एकदम खाली सोडायचं, पाचशे मीटरपेक्षा जास्त उंचीवरून, त्या जोरावर खाली खोपोलीला टर्बाइन फिरतात. कंपनी स्थापन झाली १९१० साली आणि १९१५ मध्ये इथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळायला लागली. सासरे गिरणगावातले असतील किंवा त्यांचे वडील गिरणीत असतील तर त्यांनाही हे ऐकायला आवडेल. आणि वीज तयार करून झाल्यावर तेच पाणी पाताळगंगा नदीत जातं, खालचे कारखाने, गावं त्यावर चालतात. एकच पाणी दोनदा कामाला येतं. केंद्र बघायला आत सोडत नाहीत, मागायला जाऊ नका, बाहेरून पाइप बघितले तरी पुरे. घाटाने बैलांना दमवलं आणि त्याच उंचीने वीज दिली, हे मुलाला कळलं की सहलीचे अर्धे पैसे तिथेच वसूल.

खोपोलीला टॉयलेटचं सगळ्यांचं उरकून घ्या, चांगल्या हॉटेलात चहा घेतला की विचारून जाता येतं, घाटात सोय नाही. झेनिथ धबधब्याचं कोणी सांगेल, दिवाळीनंतर पाणी उतरलेलं असतं, आणि पावसाळ्यात तर मुलं घेऊन मी तिकडे फिरकत नाही, पाणी अचानक वाढतं. पाली रोडने आत उंबरखिंड आहे, २ फेब्रुवारी १६६१ ला शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाला जिथे कोंडलं ती जागा, मुलगा किल्लेवेडा असेल तर त्यासाठी वेगळा दिवस काढा, या ट्रिपमध्ये घुसवू नका, आतला रस्ता वेळ खातो.

घाट चढताना. गाडी चालवणाऱ्याला सांगतो, सेकंड-थर्डमध्ये सावकाश, ट्रकच्या मागे अंतर ठेवून, सहाजण आणि सामान भरलेली गाडी आहे तर चढावर एसी बंद केला तरी चालतो, काचा उघडा, घाटाचा वारा खायला मिळतो. वळणावर ओव्हरटेक अजिबात नाही, जड ट्रक चढावर थांबला की मागे घरंगळतो. मुलांना गाडी लागत असेल तर मुलीला मधल्या सीटवर खिडकीशी बसवा, समोर लांब बघायला सांगा, मोबाईल बंद, आणि पोट रिकामं पण नको, एखादं बिस्कीट, आलेपाक तोंडात. आजीच्या हातात दोन प्लास्टिक पिशव्या असू द्या म्हणजे गडबड होत नाही.

चढावरच शिंग्रोबाचं देऊळ येतं. छोटंसं आहे, एक्सप्रेसवेने जाणाऱ्यांना ते दिसतच नाही. आमचे सगळे जुने ड्रायव्हर इथे हात जोडतात, नाणं टाकतात, मग पुढे जातात, मीही टाकतो. गोष्ट अशी सांगतात की इंग्रजांना घाटातून वाट सापडत नव्हती, नकाशे, दुर्बिणी सगळं होतं पण डोंगर काही दाद देईना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने त्यांना वाट दाखवली, कारण मेंढ्या घेऊन तो रोज त्याच डोंगरात फिरायचा. काम झाल्यावर साहेबाने विचारलं काय बक्षीस पाहिजे, तर तो म्हणाला आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या, आणि त्यावर त्याला गोळी घातली. याला कागदाचा पुरावा मागायचा नसतो, पण एक गोष्ट कोणीही मान्य करेल, की परक्या इंजिनिअरला डोंगरातली वाट तिथल्या माणसानेच दाखवलेली असणार. नाव मात्र साहेबाचं लागतं, १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या काळात गाडीरस्ता खुला झाला असं इतिहासात लिहिलेलं सापडतं, आणि वाट दाखवणाऱ्याचं नाव ड्रायव्हर लोकांनी या देवळात हात जोडून जपलं. गाडी नीट जागा बघून बाजूला लावा, वळणावर नको, मुलांच्या हातात एकेक नाणं द्या, आणि गोष्ट आजोबांना सांगू द्या, तुम्ही सांगू नका.

वर थोड्या भागात जुना रस्ता आणि एक्सप्रेसवे एकत्र आहेत, तिथे गाड्या जोरात येतात, लेन धरून चाला आणि खंडाळ्याचा एक्झिट चुकवू नका. याच भागात अमृतांजन पूल होता, आजी-आजोबांना नक्की आठवेल, बामची जाहिरात होती त्यावर म्हणून ते नाव पडलं. पूल १८३० च्या काळातला, खालून जाणाऱ्या रस्त्याला त्याचे खांब अडचणीचे व्हायला लागले आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा असताना तो पाडला. मला अजून तिथून जाताना चुकल्यासारखं होतं. लहानपणी एस्टीतून जाताना तो पूल आला की घाट संपला असं वाटायचं.

खंडाळ्याला राजमाची पॉइंट, हायवेलाच आहे, चालायला लागत नाही, म्हणून सगळ्यांसाठी सोयीचा. समोर राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, खाली दरी, आणि घाटात नीट बघितलं तर रेल्वे दिसते. एखादी मालगाडी येईपर्यंत थांबा. गाडीला पुढे-मागे जादा इंजिनं लावलेली दिसतील, कारण चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ही लाइन १८६३ मध्ये सुरू झाली. बांधकामाचा ठेका घेतलेला सोलोमन ट्रेडवेल इकडे आला आणि थोड्याच दिवसात वारला, तेव्हा त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, काम हातात घेतलं आणि तडीस नेलं. त्या काळात एका बाईने घाटातल्या बोगद्यांचा ठेका सांभाळला. तुमच्या मुलीला ही गोष्ट सांगा, शिंग्रोबाइतकीच सांगण्यासारखी आहे. आणि हेही सांगा की ते डोंगर फोडताना हजारो मजूर मेले, त्यांची नावं कुठेच नाहीत. माकडं फार आहेत तिथे, कणीस मुलांच्या हातात देऊ नका, गाडीत बसून खा.

लोणावळ्यात माझ्या मते रेंगाळण्यात अर्थ नाही. बाजारात गाडी घातली की अडकलात. चिक्की घ्यायची ती बाहेर हायवेलाच घ्या. भुशी डॅमचं नाव मुलं काढतील, दिवाळीनंतर तिथे मजा नसते, पावसाळ्यात गर्दी आणि धोका दोन्ही. मेणाच्या पुतळ्यांचं म्युझियम मुलांनी हट्ट केलाच तर तासभर, नाहीतर सोडा. कैवल्यधाम मात्र बाहेरून तरी दाखवा, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये सुरू केलं, योगासनांनी शरीरात नेमकं काय होतं ते यंत्रं लावून तपासायला त्यांनी त्या काळात सुरुवात केली.

मुक्काम कार्ल्याला करा, लोणावळ्यात नाही. एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे जुन्या हायवेलगत, मोकळी जागा आहे, मुलांना पळता येतं, म्हाताऱ्या माणसांना तळमजल्याची खोली आधी फोन करून मागून घ्या. चार-साडेचारला पोचाल असं ठेवा, संध्याकाळी काहीही बघायचं नाही. हा माझा नियम आहे आणि यावर मी कोणाशी तडजोड करत नाही, वयस्कर माणूस आणि लहान मूल सोबत असेल तर संध्याकाळ रिकामी पाहिजे, नाहीतर दुसरा दिवस सगळ्यांचा चिडचिडीत जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर एकवीरा. आम्ही आगरी, आमची कुलदैवत ती, कोळ्यांची, सीकेपींची, अशा बऱ्याच घरांची. ठाणे, उरण, पनवेल, अलिबाग, सगळ्या खाडीकिनाऱ्याची माणसं ट्रक-टेम्पो भरून चैत्रात यात्रेला वर येतात. आता मुलांना तोच प्रश्न विचारा. मासे मारणाऱ्या लोकांची देवी समुद्रापासून इतक्या लांब, घाटाच्या वर डोंगरात का? माझं उत्तर मी सांगतो, ते माझंच आहे, पण मला पटतं. किनाऱ्यावरून देशावर जायची जुनी वाट हीच, मीठ, सुकी मासळी वर जायची, धान्य खाली यायचं, आणि जिथे माणूस वर्षानुवर्षं थांबतो तिथे त्याची देवी असते. घरी आजी यात्रेची गाणी म्हणायची त्यात घाटाची वाट असायचीच.

देवळाच्या शेजारीच कार्ल्याचं चैत्य, म्हणजे बौद्ध भिक्खूंचं डोंगरात कोरलेलं प्रार्थनेचं लेणं. देऊळ सकाळी लवकर उघडतं, लेण्याचं तिकीटघर नऊच्या आसपास, त्यामुळे दर्शन आधी, लेणं नंतर. गाडी वरच्या पार्किंगपर्यंत जाते, तिथून पुढे पायऱ्या आहेत, बऱ्याच आहेत, गुडघे दुखणाऱ्याने घाई करायची नाही, दुकानांमधून बसत बसत जायचं. सासूबाईंना जमणार नसेल तर स्पष्ट विचारा आणि खाली एकजण सोबत थांबा, देवी खालूनही हात जोडलेले बघते असं आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात. रविवार आणि नवरात्र टाळा.

आत गेल्यावर आधी कोणी बोलू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. मग वर बघा. छताला लाकडी कमानी आहेत, आणि ते लाकूड मूळचं आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं. दगडात कोरलेल्या लेण्याला लाकडी कमानींची काय गरज, हा प्रश्न मुलाला टाका. त्याआधी अशा सभागृहांच्या इमारती लाकडाच्या असायच्या, डोळ्याला ती सवय होती, म्हणून दगड कोरला तरी लाकडाचं रूप ठेवलं. खांबांवर ब्राह्मी लिपीत कोणी कोणी दान दिलं ते कोरलंय, धेनुकाकट नावाच्या गावचे लोक आहेत, त्यात स्वतःला यवन म्हणवणारेसुद्धा आहेत, म्हणजे परदेशी मुळाचे. दर्शनी भिंतीकडे वैजयंतीच्या भूतपाल शेठचा लेख आहे, त्यात हे शैलगृह जंबुद्वीपात, म्हणजे सगळ्या भारतवर्षात, उत्तम आहे असं म्हटलंय. व्यापाऱ्यांनी पैसे दिले कारण माल याच वाटेने बंदरावर जायचा आणि भिक्खूंच्या विहाराजवळ मुक्कामाला आसरा मिळायचा. म्हणजे नानांच्या तळ्याच्या कितीतरी आधी तेच काम इथे चाललेलं होतं. गाइड मिळाला तर घ्या, पण त्याला आधीच सांगा की वीस मिनिटांत आटप.

भाजे लेणी हायवेच्या दुसऱ्या बाजूला, मळवली स्टेशनच्या पलीकडे. तिथे गर्दी कमी, चढ कमी, आणि एकाजवळ एक चौदा स्तूप उभे आहेत ते बघून माणूस गप्पच होतो. आजी-आजोबांना कार्ल्याच्या पायऱ्या झेपणार नसतील तर सगळ्यांनी मिळून भाजेच करा. दोन्ही एका दिवसात करू नका, दुसऱ्या लेण्यात मुलं नुसती बसून राहतात.

मग कामशेत मागे टाकून वडगाव मावळ, आणि इथे मी मिस्टरांना खास थांबायला सांगतोय. जानेवारी १७७९. राघोबादादांना पेशवे करायचं म्हणून इंग्रजांची फौज मुंबईहून निघाली, पनवेल, खोपोली, बोरघाट, म्हणजे तुम्ही आलात त्याच वाटेने वर चढली. सोबत सामान ओढायला हजारो बैल, त्यामुळे चाल इतकी मंद की दिवसाला दोन-तीन किलोमीटर. मराठे समोर येऊन लढत नव्हते, पुढची गावं रिकामी करत, धान्य-चारा जाळत मागे सरकत होते. तळेगावला पोचले तर गाव पेटवलेलं. पुणे इतकं जवळ असून पुढे जायची हिंमत राहिली नाही, रात्रीच्या अंधारात जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकून मागे फिरले, आणि वडगावला महादजी शिंद्यांच्या फौजेने घेरलं. मागे घाट, पुढे मराठे. १६ जानेवारीला वडगावचा तह झाला, इंग्रजांना मान खाली घालून सही करावी लागली. महादजींचं स्मारक आहे तिथे. आणि त्याच गावात पोलीस ठाण्याच्या आवारात एक समाधी आहे, कॅप्टन जेम्स स्टुअर्टची, जो कार्ल्याजवळ झाडावर चढून मराठ्यांची फौज टेहळत असताना तोफेचा गोळा लागून पडला. लोक त्याला इष्टुर फाकडा म्हणतात, फाकडा म्हणजे शूर, आणि ही पदवी त्याला आपल्याच माणसांनी दिली. शत्रूचा माणूस, पण लढला चांगला, तर त्याची समाधी गावाने इतकी वर्षं सांभाळली, नवस बोलणारे पण आहेत. ठाण्यात जाऊन आधी विचारा, समाधी बघायला आलोय म्हणा, आवाज कमी, फोटो परवानगीने. मिस्टरांना ट्रक-वडापावच्या पलीकडे काय आहे ते बघायचं असेल तर ते हेच, एका पोलीस ठाण्याच्या आवारात आहे.

जेवण वडगाव-तळेगावला कुठल्याही साध्या खानावळीत, पिठलं-भाकरी विचारा. तळेगावचं तळं बघून घ्या, नुसतं गाडीतून, आता मुलांना त्याची गोष्ट माहीत आहे.

शेवटचा थांबा देहूरोड. इथला बुद्धविहार हायवेच्या अगदी जवळ, २५ डिसेंबर १९५४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते इथे बुद्धमूर्तीची स्थापना झाली, नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. सकाळी तुम्ही दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध लेणं बघितलेलं असतं, आणि दुपारी हे. मी दोन्ही एकाच दिवशी ठेवतो ते मुद्दाम. सासऱ्यांची देहूला तुकोबांच्या दर्शनाची इच्छा असेल तर ती पण इथूनच आत, पण मग बहिणीला सांगून ठेवा की संध्याकाळ होईल.

परत येताना एक्सप्रेसवेनेच या. रविवारी संध्याकाळी निघू नका, सोमवारी सकाळी मुलांची शाळा बुडाली तरी चालेल. घाट उतरताना गिअर खालचा ठेवा आणि ब्रेकवर पाय दाबून धरू नका, सतत ब्रेक तापला की ऐनवेळी धरत नाही. उतारावर जळका वास आला तर लगेच सुरक्षित जागा बघून थांबा, अर्धा तास गाडी थंड होऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका. निघायच्या आदल्या दिवशी टायरची हवा, स्टेपनी, ब्रेक ऑइल आणि कूलंट गॅरेजमध्ये दाखवून घ्या, अर्टिगा पूर्ण भरलेली असेल तर मागच्या टायरची हवा कंपनीने दारावरच्या स्टिकरवर फुल लोडसाठी दिलीय तेवढी भरायला सांगा, पेट्रोलपंपावरचा पोरगा सगळ्यांना सारखीच भरतो.